चित्रपटनिर्मितीची पदवी: प्रवेशापासून शेवटच्या फिल्मपर्यंत

चित्रपटनिर्मितीच्या पदवीला येणाऱ्या बहुतेकांच्या डोक्यात एक मोठी फिल्म आधीच तयार असते. ती असू द्या, वहीत नीट लिहून ठेवा. पण पदवीची तीन-चार वर्षं त्या एका फिल्मची वाट बघण्यात घालवू नका. या काळात ज्यांनी पाच-पाच मिनिटांच्या फिल्म लिहिल्या, शूट केल्या, कापल्या, त्यांना आवाज दिला, श्रेयनामावली लावली आणि अनोळखी लोकांसमोर दाखवल्या, त्यांचा हात तयार होतो. भव्य पण अर्धवट राहिलेली फिल्म फार कमी शिकवते, कारण शूटिंगच्या वेळी केलेली चूक कळते ती संकलनाला बसल्यावर, आणि लेखनातली चूक कळते ती प्रेक्षक चुळबुळू लागल्यावर. म्हणून खाली जे लिहिलं आहे ते सगळं फिल्म पूर्ण करायला कसं शिकायचं, याबद्दल आहे.

अभ्यासक्रम निवडताना काय विचाराल

आधी एक फरक लक्षात घ्या. चित्रपट-अभ्यासाची पदवी आणि चित्रपटनिर्मितीची पदवी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत इतिहास, सिद्धांत, समीक्षा आणि भरपूर लेखन असतं, तर दुसरीत कॅमेरा, ध्वनी, पटकथा, संकलन आणि प्रत्यक्ष फिल्म. काही ठिकाणी दोन्ही एकत्र असतात, आणि माझ्या मते पदवीच्या वयात तेच उत्तम. नावावरून काही ठरवू नका. प्रत्येक सत्राचे विषय वाचा आणि प्रात्यक्षिकाचे तास मोजा.

संस्थेची माहितीपुस्तिका बाजूला ठेवून तिथल्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या विद्यार्थ्यांच्या फिल्म बघा. बघताना मुद्दाम आवाजाकडे लक्ष द्या. संवाद स्वच्छ ऐकू येतात का? एका शॉटवरून दुसऱ्यावर कट झाला की मागचा खोलीचा आवाज बदलतो का? हल्ली देखणं चित्र स्वस्त कॅमेऱ्यातूनही मिळतं. चांगला आवाज मात्र तिथेच सापडतो, जिथे कोणीतरी तो मनापासून शिकवत असतं.

मग प्रश्न विचारा, आणि ते शक्यतो तिथे शिकणाऱ्यांनाच विचारा. प्रत्येक विद्यार्थ्याला पदवीपर्यंत स्वतःच्या किती फिल्म दिग्दर्शित करायला मिळतात, की वर्गातून निवडक चौघांनाच? एका कॅमेऱ्यामागे किती जण? वर्गाच्या वेळेबाहेर उपकरणं मिळतात का, आणि ती मोडली तर भरपाई कोण देतं? संकलनाच्या खोल्या रात्री उघड्या असतात का? फिल्मचा खर्च शुल्कात धरलेला आहे की वेगळा? सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, विद्यार्थ्याने केलेल्या फिल्मचा हक्क कोणाकडे राहतो? बऱ्याच संस्था तो स्वतःकडे किंवा भागीदारीत ठेवतात. त्यात गैर काही नाही, पण हे प्रवेशाआधी माहीत असायला हवं.

उपकरणं कमी असतील तर खट्टू होऊ नका. जगातली पहिली चित्रपटशाळा मानली जाणारी मॉस्कोची संस्था १९१९ साली सुरू झाली तेव्हा कच्च्या फिल्मचा भयंकर तुटवडा होता. तिथे शिकवणाऱ्या लेव्ह कुलेशोव्ह यांनी विद्यार्थ्यांकडून फिल्मशिवायच्या फिल्म बसवून घेतल्या. दृश्यांची आखणी करायची, ती शॉटनुसार अभिनित करायची, आणि कॅमेरा चालवायचाच नाही. त्या टंचाईतून संकलनाविषयी जे विचार पुढे आले, ते आजही पहिल्या वर्षाला शिकवले जातात.

प्रवेशासाठीचं काम

अनेक ठिकाणी कामाचे नमुने मागतात. तीन मिनिटांची एक साधी फिल्म, दहा छायाचित्रांत सांगितलेली एक गोष्ट आणि दोन पानांचं लेखन, एवढं मन लावून केलेलं असेल तर पुरतं. मोठ्या संगीतावर भराभर कापलेल्या सुंदर शॉटची माळ पाठवू नका. तुम्हाला काय दिसतं आणि ते तुम्ही कोणत्या क्रमाने दाखवता, हे निवड करणाऱ्यांना बघायचं असतं, आणि त्या माळेतून ते कळत नाही.

उद्देशपत्रात "लहानपणापासून चित्रपटांची आवड आहे" हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जण लिहितो. त्याऐवजी एखादा प्रसंग घ्या आणि तो तुमच्यावर परिणाम का करतो हे नेमकं लिहा: कॅमेरा कुठे होता, कोणाचा चेहरा दाखवला नाही, शांतता कधी सुरू झाली. मुलाखतीत तुमच्याच फिल्मबद्दल विचारतील. आज ती पुन्हा केलीत तर काय बदलाल, याचं उत्तर तयार ठेवा.

पहिलं वर्ष: बघणं आणि पाया

पहिल्या वर्षात बघण्याची सवय बदलायची असते. आवडता प्रसंग तीनदा बघा. एकदा आवाज बंद करून, एकदा चित्राकडे पाठ करून फक्त ऐकत, आणि एकदा प्रत्येक कटला थांबून. तिसऱ्या वेळी कागदावर शॉट मोजा आणि प्रत्येक कट नेमका कशावर झाला ते लिहा: नजरेवर, हालचालीवर, आवाजावर की एखाद्या शब्दावर. महिनाभर हे केलंत की तुमचं बघणं कायमचं बदलेल, आणि नुसतं मनोरंजन म्हणून बघणं थोडं कमी होईल. त्याची भीती वाटू देऊ नका, तो आनंद दुसऱ्या रूपात परत येतो.

दुसरा स्वाध्याय स्वतःच स्वतःला द्या. २८ डिसेंबर १८९५ रोजी पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून ज्या फिल्म दाखवल्या, त्या प्रत्येकी मिनिटभराच्या आतल्या होत्या आणि कॅमेरा एकाच जागी उभा होता. तसंच करा: ५० सेकंद, एकच शॉट, कॅमेरा हलवायचा नाही, आवाज नाही. चौकटीत काहीतरी सुरू व्हावं आणि संपावं. वाटतं सोपं, पण कॅमेरा कुठे ठेवायचा या एकाच निर्णयावर सगळं अवलंबून आहे हे त्यात लख्ख कळतं.

तांत्रिक पाया फार मोठा नसतो, पण तो बोटांत बसायला हवा. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ स्थिर चित्रांनी चालतो. बोलपट आल्यावर आवाज एका ठरलेल्या वेगाने चालवणं भाग पडलं आणि हा वेग स्थिरावला. शटरचा काळ, म्हणजे प्रत्येक चौकटीवर प्रकाश पडण्याचा वेळ, एका चौकटीच्या काळाच्या साधारण निम्मा, म्हणजे सेकंदाचा ४८ वा भाग, किंवा कॅमेऱ्यावर ५० वा. विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तिथे हा ५० वा भाग दिव्यांची लुकलुकही टाळतो, ६० हर्ट्झ असेल तिथे ६० वा भाग घ्या. दिवसाच्या प्रकाशाचं रंगतापमान साधारण ५६०० केल्विन आणि टंगस्टन दिव्याचं ३२०० केल्विन. खिडकी आणि दिवा एकाच चौकटीत आले की चेहऱ्याची एक बाजू निळी आणि दुसरी पिवळी दिसते. असं हवं असेल तर ठेवा, नको असेल तर दिव्यावर निळा जेल (रंगीत पारदर्शक कागद) लावा. लहान दिव्याचं अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाई उरतो, त्यामुळे दिवा वाढवण्याआधी पुढे सरकवून बघा.

आणि १८० अंशांची रेषा. दोन माणसं समोरासमोर बोलत असतील तर त्यांच्यामधून एक काल्पनिक रेषा जाते, आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा. रेषा ओलांडली की दोघे एकाच दिशेला बघून बोलताहेत असं वाटतं. आधी नियम पाळून एक प्रसंग शूट करा, मग तोच प्रसंग मुद्दाम मोडून शूट करा. पुस्तकात दहा वेळा वाचून जे कळत नाही ते या दोन तासांत कळेल.

लिहिताना

प्रमाण मांडणीत लिहिलेलं पटकथेचं एक पान पडद्यावर साधारण एक मिनिट घेतं. पहिल्या वर्षी पाच पानांच्या पुढे जाऊ नका. दोन पात्रं, एक-दोन जागा, आणि सुरुवातीला असलेल्या परिस्थितीत शेवटी झालेला एक बदल, एवढं पुरे. घड्याळाचा गजर, पात्राचं उठणं, आरसा, दात घासणं या क्रमाने उघडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या फिल्म जगात अगणित आहेत. तुमची गोष्ट जिथे खरी सुरू होते, त्याच्याही थोडं नंतर सुरू करा.

तुमच्या आवाक्यातलं लिहा. आवाका म्हणजे फक्त पैसा नव्हे. ज्या वयाचा नट तुम्हाला मिळू शकतो, ज्या जागेची परवानगी मिळू शकते, ज्या कामाची बारीकसारीक माहिती तुम्हाला आहे, तेही त्यात येतं. वीस वर्षांच्या मित्राला पांढरी दाढी लावून आजोबा केलं की प्रेक्षक त्या क्षणीच फिल्मच्या बाहेर जातो. लिहून झालं की मित्रांना एकत्र बसवून मोठ्याने वाचून घ्या, आणि स्वतः वाचू नका, फक्त ऐका. जिथे वाचणारा अडखळतो ते वाक्य वाईट आहे. मग संवाद झाकून बघा. नुसत्या कृतींवरून गोष्ट कळते का?

टीम: पदवीची खरी कमाई

सगळ्यांना दिग्दर्शक व्हायचं असतं. वर्गात तीस दिग्दर्शक असले आणि आवाज घ्यायला कोणी नसलं तर तीसही फिल्म अडतात. म्हणून स्वतःची एक फिल्म करत असाल तर दुसऱ्यांच्या तीन-चार फिल्मवर काम करा, आणि प्रत्येक वेळी वेगळ्या जागी: एकदा बूम (लांब दांडीवरचा माईक) धरा, एकदा कंटिन्युइटी (कपडे, वस्तू, हालचाली शॉटमागून शॉट जुळतात का, याची नोंद) लिहा, एकदा सहायक दिग्दर्शक व्हा, एकदा निर्मिती सांभाळा. कंटिन्युइटी लिहिणाऱ्याला दिग्दर्शकाच्या चुका दिग्दर्शकाआधी कळतात. सहायक दिग्दर्शकाला वेळ म्हणजे काय ते कळतं. आणि ज्याने संकलन केलं आहे तो शूटवर पुन्हा कधीही टेक (शॉटचा एकेक प्रयत्न) लवकर कापत नाही, पात्र चौकटीबाहेर गेल्यावरही तीन सेकंद थांबतो.

दुसऱ्याच्या फिल्मवर वेळेवर पोहोचणारा आणि शेवटची केबल गुंडाळेपर्यंत थांबणारा माणूस सगळ्यांच्या लक्षात राहतो. पदवीनंतर पहिली कामं बहुधा याच ओळखींतून येतात.

जवळच्या मित्राबरोबर फिल्म करत असाल तर सुरुवातीलाच एका पानावर लिहून घ्या: अंतिम निर्णय कोणाचा, श्रेय कोणाचं काय, पैसे कोण किती घालणार, फिल्म महोत्सवात गेली तर कोण जाणार. दोघांनी सही करा. मैत्री असते म्हणूनच हे कागद हवेत.

शूटच्या आधी

पटकथेचं ब्रेकडाऊन करा. प्रत्येक पानाचे आठ भाग धरून कोणता प्रसंग किती अष्टमांश पानांचा आहे ते लिहा, आणि त्यासमोर पात्रं, वस्तू, कपडे, जागा, दिवस की रात्र. यावरून शूटिंगचं वेळापत्रक निघतं. नवख्या टीमने दिवसाला दोन-तीन पानांहून जास्त धरू नये.

रेकीला, म्हणजे जागेच्या पाहणीला, ज्या वेळी शूट करणार त्याच वेळी जा. सूर्य कुठे असतो ते बघा, सॉकेट किती आहेत ते बघा, आणि मग डोळे मिटून पाच मिनिटं ऐका. फ्रिज, पंखा, शेजारचं बांधकाम, शाळा सुटण्याची वेळ, विमानांचा मार्ग, हे सगळं तुमच्या फिल्ममध्ये येणार आहे. जागेची परवानगी लेखी घ्या, नटांची संमतीही लेखी घ्या. शॉटची यादी करताना प्रत्येकापुढे खूण करा: हा नसेल तर प्रसंग उभाच राहणार नाही, हा असला तर बरं. वेळ संपत आली की दुसऱ्या खुणेचे शॉट पुसायला तुम्हाला तेवढाच आधार असतो.

कॉल शीट आदल्या दिवशी संध्याकाळी प्रत्येकाच्या हातात पडली पाहिजे. त्यात कोणी किती वाजता कुठे यायचं, जेवण कधी, जवळचं रुग्णालय कुठे, अडचण आली तर कोणाला फोन करायचा, एवढं हवंच. दिवस बारा तासांच्या वर नेऊ नका. थकलेला माणूस दिवा पाडतो आणि रात्री घरी जाताना गाडी चालवतो. खोटं हत्यार, आग, पाणी, उंची किंवा चालती गाडी यांतलं काही असेल तर शिक्षकांना आधी सांगा आणि जाणकाराशिवाय करू नका. कोणताही शॉट कोणाच्या हाडापेक्षा मोठा नाही.

शूटवर

क्रम ठरवून घ्या. आधी नटांबरोबर हालचाल बसवायची, मग दिवे, मग पूर्ण तालीम, मग टेक. नवखे दिग्दर्शक दिव्यांवर दोन तास घालवतात आणि नटांना दहा मिनिटं देतात. उलट करा. नटाला "जास्त दुःखी हो" असं सांगू नका. त्याला काहीतरी करायला द्या: तिला थांबव, तिच्याकडून कबुली काढ, रडू येतंय ते लपव. नट कृती करू शकतो, आणि भावना त्यातून आपोआप येते.

आवाजाकडे येऊ, कारण विद्यार्थ्यांच्या फिल्म बहुतेक वेळा इथेच कोसळतात. हललेलं चित्र प्रेक्षक सहन करतो, न कळलेला संवाद करत नाही. कॅमेऱ्यावरच्या माईकवर विसंबू नका. बूम चौकटीच्या वर, जितका जवळ येईल तितका आणि तोंडाच्या दिशेने धरा. ध्वनिमुद्रण ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर ठेवा आणि संवादाची शिखरं उणे १२ डेसिबलच्या आसपास राहतील अशी पातळी लावा, म्हणजे अचानक कोणी ओरडलं तरी आवाज फाटणार नाही. ध्वनीवाल्याने हेडफोन काढायचा नाही, आणि त्याने "विमान आहे" म्हटलं की सगळ्यांनी थांबायचं. प्रत्येक टेकला क्लॅप (कॅमेऱ्यासमोर पाटीची टाळी) द्या, पुढे चित्र आणि आवाज जुळवायला तीच खूण लागते. जागा सोडण्याआधी सगळ्यांना निश्चल उभं करून त्या खोलीची शांतता किमान अर्धा मिनिट मुद्रित करा. संकलनात दोन संवादांमधली फट याच शांततेने भरते.

दिवस संपला की फुटेजच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात. प्रती उघडून बघितल्याशिवाय कार्ड पुसू नये, आणि पुसण्याचा अधिकार एकाच माणसाकडे असावा.

संकलनाला बसल्यावर

पहिली सलग जुळणी बघून मन खचतं. फिल्म लांब वाटते, नट खोटे वाटतात, गोष्ट मेलेली वाटते. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं, अनुभवी लोकांचंही. दोन दिवस सोडा आणि परत या.

कुलेशोव्ह यांनी नट इव्हान मोझ्झुखिन यांचा एकच निर्विकार चेहरा सुपाची वाटी, शवपेटी अशा वेगवेगळ्या शॉटना जोडला, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली तर कधी शोक. याचा रोजच्या कामात अर्थ असा की नटाने कमी केलेलंही पुरतं, कारण अर्थ शेजारच्या शॉटमधून येतो. म्हणून सगळ्यात "जोरदार" टेक आपोआप निवडू नका. संकलक वॉल्टर मर्च यांनी कट ठरवण्याचे सहा निकष मांडले आणि त्यात भावनेला ५१ टक्के वजन दिलं, बाकी पाच मिळून उरलेलं. कंटिन्युइटी थोडी चुकली तरी चालेल, पण तो क्षण खरा हवा, असं मीही वर्गात आग्रहाने सांगतो.

रफ कट, म्हणजे कच्ची जुळणी, फिल्मशी संबंध नसलेल्या माणसाला दाखवा. आधी काही समजावू नका, मध्ये बोलू नका. पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघा. तो कधी हलला, कधी फोनकडे पाहिलं, ते लिहून घ्या. नंतर एवढंच विचारा की काय घडलं ते सांग. त्याची गोष्ट आणि तुमची गोष्ट जिथे वेगळी होते, तिथे काम आहे. वर्गातल्या चर्चेतही हीच पद्धत वापरा: उत्तर देत बसू नका, लिहून घ्या. लोक सुचवतात ते उपाय बरेचदा चुकीचे असतात, पण त्यांना जिथे खटकलं ती जागा सहसा बरोबर असते.

चित्राचा कट पक्का झाल्याशिवाय ध्वनी आणि रंगाच्या कामाला हात लावू नका. आणि संगीत. आवडतं गाणं घेऊन फिल्म कापली की ते सोडवत नाही. प्रसिद्ध गाण्याला दोन वेगवेगळ्या परवानग्या लागतात, एक रचनेची आणि एक त्या ध्वनिमुद्रणाची. विद्यार्थ्यांची फिल्म आहे म्हणून बाहेर दाखवताना सूट मिळेल असं धरून चालू नका. संगीत शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला शोधा, त्यालाही फिल्मची गरज असते.

शेवटच्या वर्षाची फिल्म

आता त्या मोठ्या फिल्मची वही उघडा. त्यातली पूर्ण गोष्ट करू नका, तिच्यातला एक प्रसंग उचला. लांबी ठरवताना बाहेरचं जगही बघा. ऑस्करच्या नियमांत श्रेयनामावलीसह ४० मिनिटांपर्यंतची फिल्म लघुपट ठरते, पण फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या लघुपट स्पर्धेत मर्यादा १५ मिनिटांची आहे. कानमध्ये १९९८ पासून चित्रपटशाळांच्या विद्यार्थ्यांसाठी वेगळा विभाग आहे, तर ऑस्कर देणाऱ्या अमेरिकेच्या अकादमीच्या विद्यार्थी पुरस्कारांची स्थापना १९७२ सालची आहे. महोत्सवांच्या निवडकर्त्यांना एका सत्रात अनेक फिल्म बसवायच्या असतात, त्यामुळे बारा मिनिटांची चांगली फिल्म पंचवीस मिनिटांच्या चांगल्या फिल्मपेक्षा लवकर जागा मिळवते.

अंदाजपत्रकातला निदान तिसरा हिस्सा शूटिंगनंतरच्या कामासाठी बाजूला काढा आणि त्याला शूटवर हात लावू देऊ नका. ध्वनिमिश्रण, रंगकाम, उपशीर्षकं, चित्रपटगृहासाठीची डिजिटल प्रत, महोत्सवांची प्रवेश शुल्कं हे सगळं त्यातूनच व्हायचं असतं. फिल्म पूर्ण झाल्या झाल्या इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली करू नका. काही महोत्सव पहिल्या प्रदर्शनाची अट घालतात, म्हणून सध्या पासवर्ड लावून ठेवा.

संस्था सोडण्याआधी एक फोल्डर तयार करा. त्यात फिल्मची सर्वोच्च दर्जाची प्रत, संवाद-संगीत-परिणाम वेगवेगळे असलेले ध्वनिपट, उपशीर्षकांची फाइल, संकलनाचा प्रकल्प, पाच-सहा चांगली छायाचित्रं, नटांच्या आणि जागांच्या लेखी परवानग्या, संगीताचा करार, आणि श्रेयनामावलीतली नावं तपासलेली यादी ठेवा. संस्थेचा सर्व्हर तुमच्या नावाने किती दिवस राहील ते विचारून घ्या, आणि त्याआधी दोन प्रती स्वतःच्या ड्राइव्हवर उतरवा. एक प्रत तुमच्या कॅमेरामनकडे किंवा संकलकाकडे द्या, पुढच्या कामासाठी त्यालाही ती दाखवायची असते.